डबे, नग अकरा

या प्रवासात माझा फायदा किती होता, ते आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी मला भोळा म्हणायला नको. फायदे तीन होते. एक, 'लग्नाला बावीस वर्षं झाली, तुम्ही मला कुठं नेलं नाही' ही बायकोची तक्रार कायमची निकालात निघणार होती. दोन, समोरच्या घरातले चनबसप्पा उटीच्या छोट्या रेल्वेत बसून आल्यापासून आमच्याशी हनुवटी वर करून बोलतात. ती हनुवटी दोन बोटं खाली येणार होती. आणि तीन, धबधब्यासमोर गाडीच्या खिडकीत बसलेला माझा एक फोटो निघणार होता. तो मी टेबलाच्या काचेखाली ठेवणार होतो. टेबल म्हणजे कारखान्यातलं. टॉवेलच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं स्टोअरकीपर आहे. माझ्या सहीशिवाय आमच्या गेटमधून सुतळीचा तोडासुद्धा बाहेर जात नाही. सांगायचा मुद्दा, मी मोजूनमापून पाऊल टाकणारा माणूस आहे. उत्साहाच्या भरात निघालो नव्हतो.

आता, 'कुठं नेलं नाही' हा आरोप रेकॉर्डला धरून नाही. विजापूरला बारशाला नेलं, बागलकोटला साखरपुड्याला नेलं, बार्शीला घरभरणीला नेलं, मंद्रूपला तर दर वर्षी नेतो. पण हेमावती हे धरतच नाही.

"ते नेणं न्हवं," ती म्हणते. "ती हजेरी. गेलं की पदर खोचायचा, आणि कुणीतरी म्हणतंच, 'हेमा, जरा भाकऱ्यांना हात लाव.'"

यात तिची बाजू थोडी खरी आहे, हे मी कबूल करतो. हेमावती कडक भाकऱ्या करून दुकानांना देते. रोज ऐंशी. पातळ, पापडासारख्या, महिनाभर टिकणाऱ्या. पहाटेपासून आमच्या घरात थापण्याचा आवाज असतो. मला तर आता त्याशिवाय झोपही लागत नाही आणि जागही येत नाही. तर अशा हातांना बाहेरगावी गेल्यावरही भाकरीच मिळावी, हे जरा जास्तच होतं.

म्हणून तिनं यंदा अट घातली. "मला असं ठिकाण पाहिजे, जिथं ओळखीचं एक माणूस नसंल. झाडं असूदेत, जनावरं असूदेत. ओळखीचं तोंड नको. आणि जाऊन येईपर्यंत मी पिठात हात घालणार न्हाई."

"शब्द दिला," मी म्हणालो.

"स्टोअरमधून शब्दावर माल सोडता काय तुम्ही?"

"हेमा, हे घर आहे."

"म्हणूनच सांगते. ह्या वेळी पण सोयऱ्यांच्या दारात नेलं, तर पुढच्या खेपेला मी एकटी जाईन. तुम्ही बसा ऐंशी भाकऱ्या थापत."

मी जंगल निवडलं. सोलापूरहून सकाळच्या गाडीनं विजापूर, बागलकोट, गदग करत हुबळी. तिथं लॉजवर मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी गाडी, ती घाट उतरते. बोगद्यांमागून बोगदे, मध्ये दूधसागरचा धबधबा, आणि घाटाखाली राष्ट्रीय उद्यान. तिथं दुपारच्या जीपच्या फेरीत दोन जागा. जंगलाच्या परवान्याच्या अर्जात 'भेटीचा उद्देश' असा रकाना होता आणि अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन एवढेच पर्याय होते. 'शब्द पाळणे' त्यात नव्हतं. मी पर्यटनावर खूण केली.

घाटातल्या गाडीत कोणत्या बाजूची खिडकी घ्यायची, यावर आमच्या गल्लीत चार दिवस चर्चा झाली. चनबसप्पा एस.टी.च्या कंट्रोल रूममधून निवृत्त झालेले. रेल्वेसुद्धा आपल्याच खात्याची एक शाखा आहे असं त्यांचं मत. दारातल्या नळावर त्यांनी साबणाची वडी गाडी म्हणून धरली, माझा तांब्या धबधबा म्हणून ठेवला आणि वडी तीन वेळा वळवून सांगितलं, "उजवी. डोळे झाकून उजवी घ्या की!" त्यांच्या मंडळी दाक्षायणीबाई आतून म्हणाल्या, "माझा भाऊ जाऊन आलाय. डावी." यावर त्या नवराबायकोंत जे सुरू झालं, ते संपायची वाट न बघता मी घरी आलो आणि एक खिडकी डावीकडची, एक उजवीकडची काढली. धबधबा कुठूनही येऊदे, घरातल्या एकाला तरी दिसणारच. जोडप्यानं प्रवासात दोन टोकांना बसायचं, हे जरा विचित्र. पण बावीस वर्षांनंतर त्यात फार बिघडत नाही.

इथवर सगळं चोख होतं. चूक झाली ती पुढं, आणि ती चूक आहे हे मला करताना कळलंही नाही. चनबसप्पांनी उटीचं तिकीट गल्लीच्या गटावर टाकलं होतं. मी म्हटलं, आपण आपल्या परिवाराच्या गटावर टाकू. एकसष्ट माणसं आहेत त्यात. सोलापूर–हुबळी तिकिटाचा स्वच्छ फोटो काढला: तारीख, वेळ, बोगीचा नंबर, बाकाचा नंबर. खाली लिहिलं, 'निघालो जंगलाला.'

चार मिनिटांत विजापूरच्या अक्कम्मा आत्याचा आवाजी निरोप आला. "प्रभू, गाडी हितं किती वाजता येती रे? मी डबा घेऊन येते."

मी त्या रुळांकडं बोगदे, पूल, धबधबा अशा नजरेनं बघत होतो. सोलापूरच्या दक्षिणेला रूळ टाकणाऱ्यानं आमच्या घरच्या सोयरिकी समोर ठेवूनच आखणी केली असावी, हे ध्यानात आलं नव्हतं. आणि आमच्यात सोयऱ्याच्या गावातून गाडी जाते आणि सोयरा फलाटावर डबा घेऊन उभा नाही, असं झालं तर त्याची चर्चा पुढच्या दोन लग्नांत होते. 'नको' म्हणणं तर त्याहून वाईट. आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. एक डबा, दोन मिनिटांचा थांबा. मी 'बरं' म्हणालो.

अर्ध्या तासात बागलकोटहून चुलतभाऊ विरेशचा फोन. त्याचं डाळीचं दुकान आहे. "अण्णा, आत्याचा डबा चालतो, आमचा का चालत न्हाई? आमी काय पाप केलंय?"

त्यालाही 'बरं' म्हणालो. मग गदगच्या मेहुणीला, म्हणजे हेमावतीच्या सख्ख्या बहिणीला, सिद्धेश्वरीला. सख्ख्या बहिणीला नको म्हणणारा जावई मला दाखवा.

हेमावतीला यातलं काही माहीत नव्हतं. तो गट तिनं सहा वर्षांपूर्वीच मुका करून ठेवलाय. सांगावं असं दोनदा मनात आलं. पण ती इतकी खुशीत होती, दुकानदारांना 'चार दिवस माल मिळणार नाही' असं इतक्या थाटात सांगत होती, की मी म्हटलं, थांबे दोन-दोन मिनिटांचे आहेत, निभावून नेऊ. एकोणीस वर्षं ऑडिट निभावून नेलंय.

ऑक्टोबरातली सकाळ होती. गाडी वेळेवर सुटली. हेमावतीनं घरून काहीही बांधून घेतलं नव्हतं, पाण्याची बाटलीसुद्धा विकत घेतली. विजापूर येईपर्यंत ती खिडकीशी बसून दोन चहा प्याली.

"किती बरं वाटतं," ती म्हणाली. "एकपण तोंड ओळखीचं न्हाई."

तेवढ्यात फलाटावर एक ओळखीचं तोंड बोग्यांचे नंबर वाचत लंगडत पळत आलं. मागं सून, सुनेच्या हातात चार पुडांचा डबा, नारळ, खण.

"यव्वा हेमा! उतरू नको, उतरू नको! खिडकीतनंच ओटी भरते!"

हेमावतीनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी वर्णन करून सांगणार नाही. मग तिनं पदर पसरला. खण गजांतून आत आला, तांदूळ आले, हळदीकुंकू आलं. नारळ येईना. आत्यानं तो उभा लावला, आडवा लावला, शेंडीकडून लावला. रेल्वेच्या खिडकीचे गज किती अंतरावर बसवायचे हे ठरवताना ओटीचा विचार झालेला नाही. गाडी हलली. आत्या नारळ घेऊन गाडीबरोबर चालायला लागली.

"ऊटा आतेनु?" जेवण झालं का, हे तिनं अशाही वेळी विचारलं.

"व्हायचंय आत्या! तू मागं हो, गुडघा सांभाळ!"

"परतताना डबा घेते रे! हितंच उभी राहते!"

नारळ शेवटी एका चहावाल्यानं धावत दारातून आत टाकला आणि डबा त्याच्यामागून आला. मी मोजलं: पुडं चार. गव्हाची गोड हुग्गी, भरली वांगी, भात, शेंगाची चटणी. आणि एक गोष्ट आत्या बोलली नाही, कारण ती बोलायची गरजच नसते. आमच्यात रिकामा डबा परत जात नाही. तळाला चिमूटभर साखर असली तरी चालते, पण डब्यानं रिकामं घरी जायचं नाही. म्हणजे जेवढे डबे घ्यायचे, तेवढे भरायचेही.

"एक झाला," हेमावती म्हणाली. "अजून किती?"

"बहुतेक एवढाच."

बागलकोटला विरेश आला. तीन डबे: शेंगापोळ्या, धपाटे, दही. शिवाय तो स्वतः गाडीत चढला. "गदगपर्यंत येतो की गप्पा मारत. भेट कुटं होती आपली!" आणि हेमावतीच्या खिडकीत बसला. गदगपर्यंत त्यानं तुरीचे भाव सांगितले, मग हरभऱ्याचे, मग काचेला डोकं टेकून घोरला. हेमावती मधल्या जागेवर बसून त्याच्या डोक्यापलीकडं जेवढं दिसेल तेवढं कर्नाटक बघत होती.

"बहुतेक संपलं?" तिनं विचारलं.

मी आणखी एक शेंगापोळी तोंडात घातली.

गदगला सिद्धेश्वरी, डबे दोन, नारळ एक. बहिणी खिडकीच्या गजांतून एकमेकींचे हात धरून रडल्या. मला वाटलं, चला, हिला तरी बरं वाटलं असेल. गाडी हलता हलता मेहुणी म्हणाली, "आणि ते लॉज रद्द करा भावजी! हुबळीत आमची नणंद असताना लॉजवर? मी कळवलंय भुवनेश्वरीला. त्या स्टेशनवर येतायत."

नणंदबाई आल्या. मोठ्या प्रेमळ. घर मोठं, माणसं बारा. संध्याकाळचं जेवण वाढता वाढता त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या कडक भाकरीचं नाव इथवर आहे. तुमच्या हातची खायची कधीची इच्छा. उद्या सकाळी जरा हात लावाल?"

मी ताटातल्या भाताकडं बघत राहिलो. भात चांगला होता.

पहाटे मला त्या परक्या घरात थापण्याचा ओळखीचा आवाज आला आणि, खोटं कशाला बोलू, गाढ झोप लागली. उठलो तेव्हा चाळीस भाकऱ्या झाल्या होत्या. निघताना भुवनेश्वरीबाईंनी ओटीत नारळ घातला आणि आग्रहानं दोन डबे दिले. एकात करंज्या. दुसऱ्यात हेमावतीनंच पहाटे केलेल्या भाकऱ्या. "घाटात भूक लागते," त्या म्हणाल्या. आत्याची चार पुडं सुटी धरून एकूण डबे, नग अकरा. नारळ, नग तीन.

घाटाच्या गाडीत हेमावतीची खिडकी एका बाजूला, माझी दुसऱ्या बाजूला. माझ्या खिडकीत डबे बसले. त्यांना उभं करून चालत नव्हतं, हुग्गी सांडत होती. मी वाटेत उभा राहिलो. तरी माझा धीर सुटला नव्हता. सगळा घाट अजून पुढं होता.

झाडं दाट व्हायला लागली तसा फोन वाजायला लागला. विरेश: "पोळ्या खाल्ल्या का? फोटो टाका की गटावर." आत्या: "वांगी आंबली असतील, आधी वांगी खा." मेहुणी: "दोन्ही डबे पोचले ना?" आत्याचा फोटो पडला की विरेशचा पडलाच पाहिजे, विरेशचा पडला की मेहुणीचा. शिवाय घाट उतरल्यावर एवढं अन्न घेऊन कुठं हिंडणार? मी पलीकडं जाऊन हेमावतीच्या खांद्याला हात लावला.

"हेमा, जरा उघड की डबे. फोटोपुरतं. आणि ह्या लोकांना थोडं थोडं वाढून टाक, म्हणजे हलकं होईल. तुझ्या हातानं पटकन होतं."

ती वळली. पहाटेच्या पिठाची एक पांढरी रेघ तिच्या मनगटावर अजून होती.

"डबे कुणी बोलवले?"

"म्हणजे, ते आपोआप—"

"तुमी बोलवले. डबे तुमचे. खिडकी माझी. घाट संपेपर्यंत मला हाक मारायची न्हाई." आणि ती परत बाहेर बघायला लागली.

समोरच्या बाकावर धारवाडच्या कॉलेजची आठ मुलं होती. ती सगळी आदरानं माझ्याकडं बघत होती. तो आदर नसावा, पण मी तसं धरलं. बाही दुमडली आणि वाढायला घेतलं. माल उतरवायचा म्हटल्यावर मला कुणी शिकवायला नको. मुलांना प्रत्येकी दोन पोळ्या, एक वांगं. पुढच्या बाकावर एक कुटुंब, त्यांना भात-चटणी. धपाटे संपले, दही संपलं, करंज्या संपल्या. भाकऱ्यांना तर मागणी होती. माणसं म्हणत होती, "लई भारी! कुणी केल्या?" मी पलीकडं बोट दाखवत होतो, पण हाक मारत नव्हतो.

हुग्गी तेवढी संपेना. खिरीसारखी घट्ट, गोड, आणि आत्यानं दिलेला चमचा एकच. मी बोगीच्या पार टोकाला एका जाडजूड गृहस्थांना त्यांच्याच जवळच्या द्रोणात वाढत होतो, तेवढ्यात बोगदा आला. काळोख. बोगदा संपला, उजेड झाला, तेव्हा द्रोणात काही नव्हतं आणि हुग्गी त्या गृहस्थांच्या बुटात होती. पायात असलेल्या बुटात.

माणसानं जबाबदारी टाळू नये. मी गुडघ्यावर बसलो, आणलेला कारखान्याचा टॉवेल काढला आणि पुसायला लागलो. गृहस्थ कानडीत बोलत होते. मला कानडी चांगलं येतं, त्यामुळं त्रास जास्त झाला. आणि त्याच वेळी सगळी बोगी एकदम ओरडली. मुलं उठली, कुटुंब उठलं, सगळेच्या सगळे हेमावतीच्या बाजूला धावले. मी मान वर केली. मला पाठी दिसल्या. शर्टांच्या, साड्यांच्या, एका लेकराची. त्या पाठींपलीकडून पाण्याचा दणदणाट येत होता आणि गार तुषार येत होते. त्यातले दोन माझ्या कानावर पडले. मग पुढचा बोगदा आला. बुटात पाय अडकल्यामुळं त्या गृहस्थांनाही उठता आलं नाही. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

परत आलो तेव्हा हेमावतीचे केस ओले होते. तोंड पुसलं नव्हतं.

"बघितलात?"

"हो तर," मी म्हणालो. "वेगळ्या बाजूनं."

घाट उतरला. जंगल अजून हातात होतं. दुपारची फेरी, दोन जागा, परवान्यावर दोघांची नावं. गेटवर एक वनरक्षक वही घेऊन बसला होता. शांत माणूस, गणवेशाला नीट इस्त्री.

"हें कितें?" त्यानं माझ्या दोन्ही हातांतल्या आणि खांद्यावरच्या ओझ्याकडं बघत विचारलं.

"डबे. नग अकरा."

त्यानं वर बघितलं. मला कबूल केलं पाहिजे, त्या क्षणी आम्हां दोघांत एक समज निर्माण झाली. त्यानं वहीत लिहिलं. मग एकेक झाकण उघडलं, वास घेतला. "अन्न आत जाणार नाही. वासावर माकडं येतात."

"संपलंय बहुतेक. थोडी हुग्गी आहे."

"वास आहे. आणि हे?"

"नारळ. नग तीन."

"नारळ तर नाहीच. बाहेर ठेवा."

"कुणाकडं ठेवू? इथं सामान ठेवायची सोय आहे?"

"नाही."

"अहो, हे डबे माझे नाहीत. सोयऱ्यांचे आहेत. एक इकडचा तिकडं झाला तर... तुम्हाला कल्पना नाही. मी स्वतः स्टोअरकीपर आहे. एकोणीस वर्षं. गेटवरच बसतो."

"मग तुम्हाला कळतंच," तो म्हणाला.

कळत होतं. तेच तर दुःख होतं. याच्या जागी मी असतो तर मीही सोडलं नसतं. सुतळीचा तोडासुद्धा.

जीपवाल्यानं हॉर्न दिला. आत पाच माणसं बसली होती: टोप्या घातलेलं एक जोडपं, कॅमेरेवाले दोन, एक म्हातारा. दोन जागा रिकाम्या. मी हेमावतीकडं बघितलं. वाटलं, ती आता म्हणेल, जाऊदे, दोघंही थांबू. बावीस वर्षांत ती हेच म्हणत आली.

"तुमी बसा हितं," ती म्हणाली. "मी येते जाऊन."

"एकटी?"

तिनं जीपमधल्या त्या पाच तोंडांवरून एकदा नजर फिरवली. सावकाश, मंडईत कोवळी भेंडी निवडावी तशी. "एकपण ओळखीचं न्हाई," ती म्हणाली, आणि चढली. पदर खोचला, पण या खेपेला चढायला सोपं जावं म्हणून. जीप वळली, झाडांत शिरली. तिनं मागं वळून बघितलं नाही. आणि अकरा डब्यांच्या मध्ये बाकावर बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की विजापूर गेलं, बागलकोट गेलं, गदग, हुबळी मागं पडली. तिच्या ओळखीचं शेवटचं तोंड तेवढं गेटवर राहायचं होतं, तेही राहिलं.

फेरी तीन तासांची. पहिल्या तासात मी नळावर डबे घासले. दुसऱ्या तासात त्यांचा बाकावर मांडून फोटो काढला आणि गटावर टाकला, कारण जंगलातून काहीतरी टाकणं भाग होतं. बावन्न अंगठे आले. जंगल कसं आहे, हे एकानंही विचारलं नाही. विरेशचा फोन मात्र आला. "अण्णा, आमचे डबे मागच्या रांगेत का ठेवले?"

तिसऱ्या तासात भरायचं काय, हा प्रश्न घेतला. जंगलातून पानसुद्धा उचलायचं नाही, हे वनरक्षकानं न विचारताच सांगितलं. त्यानंच गेटबाहेरच्या एका बाईंच्या टपरीकडं बोट दाखवलं. त्यांच्याकडं आमसुलं होती, दुसरं काही नव्हतं. अकरा डबे आमसुलं भरली. वनरक्षक बघत होता. भरून झाल्यावर त्यानं वही मिटली आणि नुसती मान हलवली. एका खात्यानं दुसऱ्या खात्याला केलेला तो नमस्कार होता.

उन्हं कलली तेव्हा जीप आली. हेमावती उतरली. साडीवर तांबडी धूळ, केसांत एक वाळकं पान. ते वनरक्षकानं काढून परत आत टाकायला लावलं. त्या म्हाताऱ्यानं तिला हात जोडले, टोपीवाल्या बाईनं तिला मिठी मारली. तिघांनाही एकमेकांची नावं माहीत नव्हती.

"काय बघितलंस?" मी विचारलं.

"बघितलं."

"गवा होता? हरणं? सांग की!"

"तुमाला सांगू?" ती हसली. "आणि तुमी टाकणार गटावर."

त्या संध्याकाळी तिथल्याच एका लॉजवर तिनं पातळभाजी आणि पाव मागवले. दुसऱ्याच्या हातचे. चार पाव खाल्ले. मी आणखी दोनदा विचारलं. तिनं आणखी एक पाव मागवला.

परतीला घाटभर धुकं होतं. धबधबा ऐकू आला. स्टेशनांवर ठरल्याप्रमाणे सोयरे उभे होते आणि डबे ज्याचे त्याला पोचले, एकही इकडचा तिकडं नाही. अक्कम्मा आत्यानं फलाटावरच झाकण उघडलं. "हे काळं काय रे, प्रभू? औषध?" आणि तरी खूश झाली, कारण डबा भरलेला होता. गल्लीत शिरलो तर चनबसप्पा दारातच.

"काय, कशी होती मग खिडकी? पाणी उजवीकडं होतं की डावीकडं?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "पुढं," म्हणालो. त्यांची हनुवटी होती त्याहून एक बोट वर गेली.

तर शेवटचा हिशेब असा. अक्कम्मा आत्यानं गुडघा खर्ची घातला, त्यावर ती आठवडाभर शेक घेत होती. विरेशला गदगहून बागलकोटला उभ्यानं परत जावं लागलं. हेमावतीची एक पहाट गेली, चाळीस भाकऱ्या. ती पहाट तिनं माझ्या नावावर टाकली आणि मी वाद घातला नाही. टेबलाच्या काचेखाली फोटो नाही. पुढच्या खेपेचा विषय परवा निघाला, तेव्हा ती म्हणाली, "आलात तरी चालेल. पण गेटवर बसायची तयारी ठेवा."

आणि काल पहाटे थापण्याचा आवाज मध्येच थांबला. मला लगेच जाग आली. आत जाऊन बघतो तर हेमावती तव्यासमोर बसून एकटीच हसत होती, हात पिठात तसाच.

"काय झालं?"

"काही न्हाई. कान हलवत होता."

"कोण?"

तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. कोण कान हलवत होता, किती मोठे कान, कुठल्या झाडाखाली, यातलं मला काहीही कळलेलं नाही. एकसष्ट माणसांच्या परिवारात ते तिच्या एकटीपाशी आहे. त्या कानांचे पैसे कुणी भरले, तेवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे.